पत्र्याखालचं लाइट बिल

पार्लर काढायला निघालेल्या मुलीला मी वर्षानुवर्षं एकच सांगत आले : लाइट जपून वापर. एसीचं नंतर बघू. गीझर लागेल तेवढाच लाव, ड्रायर दोन मिनिटं कमी चालला तर कुणाचं अडत नाही, आणि जमेल तोवर घरच्याच मीटरवर भागव. ओझरला विघ्नहराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं पार्लर आहे. जुन्नर, नारायणगाव, मंचर भागातल्या बऱ्याच मुली माझ्याकडे शिकून गेल्या आणि हा सल्ला बरोबर घेऊन गेल्या. आता मी तो देत नाही. माझं मत बदललं आहे, आणि ज्यांनी माझ्या शब्दावर दुकानं थाटली त्यांना हे बदललेलं मतही कळायला हवं.

तो सल्ला हवेतून आला नव्हता. मी हे काम उभं केलं ते भारनियमनाच्या काळात. 2005च्या पुढची काही वर्षं गावाकडे लाइट कधी येणार आणि कधी जाणार यावरच दिवस बेतलेला असायचा. त्याच सुमारास महावितरणची ‘अक्षय प्रकाश’ योजना आली. संध्याकाळच्या वेळेत गावानं एकमतानं शेतीपंप आणि इतर जड भार बंद ठेवायचा, आणि त्या बदल्यात घराघरातले दिवे चालू राहायचे. शेजाऱ्यानं मोटर चालू केली तर आपल्या पोराच्या अभ्यासाचा दिवा जाणार, इतकं ते सरळ होतं. ज्या गावांनी ते पाळलं त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो. जड भार म्हणजे गावाचा गुन्हा, हे तेव्हा मनात पक्कं बसलं. नवरीचे केस मी पंख्याखाली वाळवले आहेत, गॅसवर पाणी तापवून डोकी धुतली आहेत. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पुढे भारनियमन ओसरलं, गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या झाल्या, दुकानात एसी आला, दोन मुली कामाला आल्या, आणि मी मात्र जुनीच शिस्त चालवत राहिले.

मत हलायला सुरुवात झाली ती एका फोनमुळे. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेली. तिथं सलूनमध्ये नोकरी करून झाल्यावर तिला स्वतःचं काढायचं होतं. एक चालतं सलून विकायला निघालं होतं, आणि त्यात सनबेड होते. सनबेड म्हणजे आडवं होऊन अंग रापवून घ्यायचं यंत्र. वर-खाली अतिनील किरणांच्या ट्यूब, मध्ये काच, त्यावर माणूस झोपतो. थंड देशात हिवाळाभर ऊन दिसत नाही आणि रापलेली कातडी तिथं सुट्टीची, तब्येतीची खूण मानतात, म्हणून लोक मिनिटांच्या हिशेबानं पैसे मोजतात. तिला भीती होती विजेची. 2022 साली युक्रेनच्या युद्धानंतर तिकडे विजेचे दर भडकले. घरगुती दरांना सरकारनं घातलेली मर्यादा दुकानांना लागू नव्हती. व्यवसायांसाठी सवलतीची वेगळी योजना त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून आली, तोवर छोट्या दुकानदारांचे हाल झाले. ही आठवण अजून ताजी होती.

तिनं विचारलं, “ताई, आपल्याकडे एका कस्टमरमागे किती युनिट जायचे? तुम्ही कसं काढत होता?”

मी ते कधी काढलंच नव्हतं. बिल आलं की जास्त आलं एवढं कळायचं, आणि मग महिनाभर बटणांवर पहारा.

तिच्या यंत्राचा हिशेब मात्र आम्ही दोघींनी फोनवर बसून मांडला, आणि तो सोपा निघाला. 40 ट्यूब, प्रत्येकी 100 वॉटची, म्हणजे 4 किलोवॉट. एक कस्टमर 15 मिनिटं झोपली की 1 युनिट. ट्यूब 160 वॉटच्या असतील तर 1.6 युनिट. वर यंत्रातले पंखे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच बंद खोलीत साठते, ती बाहेर काढायला पुन्हा एसी. ट्यूबही काही शे तासांनी दमतात. तेवढीच वीज खातात पण किरण कमी देतात, मग कस्टमर जास्त वेळ झोपते आणि बिल वाढतं. मोठ्या यंत्रांना थ्री फेज जोडणी लागते. म्हणजे ते दुकान घेताना तिनं खुर्च्या, आरसे बघण्याआधी जोडणी किती भाराची आहे, खोली किती तापते आणि ट्यूब किती जुन्या आहेत हे बघायला हवं होतं.

ते यंत्र घेऊ नकोस, असं मी तिला स्पष्ट सांगितलं, आणि ते विजेसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2009 साली अशा यंत्रांना माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं, तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. ब्राझीलनं त्याच वर्षी बंदी आणली. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांनी 2015च्या सुरुवातीपासून धंद्यासाठी ती वापरणं बंद केलं. इंग्लंडमध्ये 18 वर्षांखालच्यांना मनाई आहे. कातडीचं काम करणाऱ्या बाईनं कातडीला इजा करणारं यंत्र दुकानात ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. तिलाही ते पटलं. सलून तिनं घेतलं, पण सनबेड वगळून.

फोन संपला तरी प्रश्न माझ्यापाशी राहिला. माझ्याकडे एका कस्टमरमागे किती?

मी वही केली. सकाळी शटर उघडताना मीटरचा आकडा, मग दर तासाला एकदा. त्याच्यासमोर कोण आलं, काय काम झालं. बाजारात प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर मिळतं, ते एकेका यंत्राला लावून बघितलं. जे दिसलं त्यानं माझी इतक्या वर्षांची समजूत उलटी झाली.

थ्रेडिंगला वीज लागतच नाही म्हटलं तरी चालेल. दोरा, खुर्ची, डोक्यावर एक दिवा. वॅक्सचा हीटर शंभरेक वॉटचा, आणि तापमान आलं की आपोआप थांबणारा. डी-टॅन फेशियल हे आमच्याकडचं सगळ्यात जास्त चालणारं काम. ऊन आमच्याकडे फुकट आणि नको तेवढं, टोमॅटोच्या तोडणीला आणि द्राक्षबागेत दिवस काढलेल्या बाया ते चेहऱ्यावरून उतरवायला येतात. त्याला स्टीमर लागतो, 700 वॉटचा, दहा मिनिटं. म्हणजे युनिटचा आठवा भागसुद्धा नाही. ब्लो ड्रायला 1,800 वॉटचा ड्रायर 20 मिनिटं चालला तर 0.6 युनिट. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60वर न्यायला साधारण 0.7 युनिट लागतं, आणि त्यात गार पाणी मिसळून दोन डोकी आरामात धुतात. केसांचं स्मूदनिंग सगळ्यात जड, अख्खी दुपार खातं, पण ड्रायर, इस्त्री, पाणी सगळं धरलं तरी एसी सोडून दोन युनिटांच्या आसपास. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळून मी हिशेबाला युनिटमागे 12 रुपये धरते. म्हणजे ज्या कामाचे मी हजारांत पैसे घेते, त्यावर 24 रुपयांची वीज.

आणि मी ड्रायरची दोन मिनिटं वाचवत होते. दोन मिनिटांचे पाऊण रुपयासुद्धा होत नाहीत. त्यासाठी मानेवर ओले केस घेऊन बाई घरी जात होती.

मग बिल कुठून येत होतं? एसीतून. माझा दीड टनाचा जुना एसी पत्र्याच्या गाळ्यात एप्रिल-मेमध्ये तासाला दीड युनिट घ्यायचा, कारण त्याचा कॉम्प्रेसर थांबायचाच नाही. दहा तासांचे 15 युनिट, 180 रुपये, खुर्चीत कोणी असो वा नसो. आरशाभोवतीचे जुने बल्ब, आठ गुणिले 40 वॉट, दिवसभर चालू : तीन युनिटांच्या वर. त्यांची उष्णता मेकअप करून घेणाऱ्या बाईच्या तोंडावर, आणि तीही पुन्हा एसीनंच बाहेर काढायची. वहीतले दुपारी एक ते चारचे आकडे मी पुन्हा पुन्हा पाहिले. त्या वेळात आमच्याकडे फारसं कोणी येत नाही. शेतावरच्या बाया संध्याकाळी पाचनंतर येतात, देवदर्शनाला आलेल्या बाया थांबल्या तर सकाळी. सगळ्यात जास्त युनिट मात्र त्याच रिकाम्या तीन तासांत. माझी वीज कस्टमर खात नव्हत्या, छप्पर खात होतं.

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी. हे आकडे पाहून रिकाम्या वेळेत मी एसी बंद करायला लागले, आणि तेव्हा मला वाटायचं की मी काटकसर करते. पण त्या वेळेत माझ्या दोन मुली त्याच पत्र्याखाली बसलेल्या असायच्या. टॉवेल धुणं, ब्रश साफ करणं, जेवण, सगळं तिथंच. ते वाचलेले पैसे त्यांच्या अंगावरून वसूल होत होते. हे मला वहीनं नाही, त्यांच्यातल्या एकीनं सांगितलं, तेही फार संकोचानं. तिचं म्हणणं ऐकल्यावर मला काटकसर हा शब्द पूर्वीसारखा सहज उच्चारता येईना.

मग छपरावर काम केलं. पत्र्याला वरून उन्हाळ्याआधी पांढरा लेप, आतून ग्लासवूल भरून फॉल्स सीलिंग. दर्शनी काच पश्चिमेला आहे, तिच्यावर बाहेरच्या बाजूनं पडवी काढून बांबूच्या चटया सोडल्या. काचेच्या आतून पडदा लावून फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर ऊन आत आलेलं असतं. आरशाचे बल्ब बदलून 7 वॉटचे एलईडी. हा सगळा खर्च एका नव्या एसीपेक्षा कमी आला. पुढच्या उन्हाळ्यात तोच जुना एसी मधून मधून थांबायला लागला. एसीचा पारा 20वरून 26वर नेला आणि पंखा चालू ठेवला, तरी कोणी तक्रार केली नाही. आता दुपारीही तो बंद होत नाही, मुलींसाठी चालू असतो, आणि तरीही एप्रिलचं बिल पूर्वीपेक्षा कमी येतं. फुटक्या रांजणात मी इतकी वर्षं मापानं पाणी ओतत होते, रांजणाकडे पाहिलंच नव्हतं.

मीटरबद्दलही माझं मत बदललं, पण तिथं गोष्ट इतकी सरळ नाही. घरच्याच मीटरवर भागव, हा सल्ला काही मुलींना आजही लागू पडतो. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागात छोटा व्यवसाय करणाऱ्यांसाठी तरतूद आहे : महिन्याचा वापर 300 युनिटांपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर 3,600 युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दर लागतो. घरातली पुढची खोली, थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल, एसी नाही, अशा पार्लरला हे पुरतं. बऱ्याच बायांना ही तरतूद माहीतच नाही आणि त्या उगाच धास्तावलेल्या असतात. पण हा आकडा घर आणि धंदा मिळून आहे. घरात फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर, मुलांचे पंखे. त्यात पार्लरचा एसी आला की 300ची रेघ मे महिन्यातच ओलांडली जाते. त्यापुढे घरगुती मीटरवर धंदा चालवणं हा विद्युत कायदा 2003च्या कलम 126खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि तसं ठरलं तर आकारणी दुप्पट दरानं होते. कधीपासून चाललंय हे ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे 12 महिने धरले जातात. नव्या पार्लरला एवढा धक्का पेलत नाही. म्हणून आता मी सांगते, वहीत आधी तीन महिन्यांचे आकडे लिही, रेघ जवळ येत असेल तर वेळेत स्वतःहून व्यावसायिक जोडणी माग.

ती जोडणी महाग आहे, आणि ते मला खटकतं, तेही इथं सांगते. घरगुती वापरावर 16 टक्के वीज शुल्क, व्यावसायिकवर 21. पहिल्या युनिटापासून दर चढा. स्थिर आकार वेगळा. 20 किलोवॉटपर्यंतच्या सगळ्या जोडण्या एका गटात, त्यामुळे आरसा, दोन खुर्च्या आणि एक एसी असलेलं ओझरचं पार्लर आणि शहरातलं झगमगीत शोरूम शेजारी शेजारी बसतात. घराबाहेर पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाईला हा फरक एका रात्रीत सोसावा लागतो. सूर्यघर योजनेत 2024पासून छपरावर सौर पॅनल बसवायला 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, तेही घरगुती जोडणीलाच. घरात पार्लर चालवणारीला ते मिळतं, गाळ्यात आलेलीला नाही. छोट्या व्यावसायिकांसाठी मधली पायरी असायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

स्थिर आकार म्हणजे काय ते मला 2020 साली नीट उमगलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शटर पडलं. सलून-पार्लरना परवानगी मिळाली ती 28 जूनला, आणि तीही फक्त केस, वॅक्सिंग, थ्रेडिंगसारख्या कामांना. त्वचेच्या कामांना नाही, म्हणजे माझं सगळ्यात चालणारं काम बंदच. त्या महिन्यांत एक बल्ब लावला नव्हता, तरी आकार चढतच होता. जपून वापरून ज्याच्यातला एक पैसा कमी होत नाही असाही बिलाचा एक भाग असतो, तो जोडणी घेतानाच ठरतो. जोडणी किती भाराची हवी ते कळावं म्हणून मी आता मुलींना आधी यंत्रांची यादी करायला लावते. एसी दीड किलोवॉट, गीझर दोन, ड्रायर 1.8, स्टीमर 0.7, दिवे-पंखे. बेरीज सहाच्या घरात जाते. पण हे सगळं एका वेळी कधी चालतं? गीझर सकाळी तापवून ठेवला, ड्रायरच्या वेळी स्टीमर बंद ठेवला, तर भार कमी राहतो आणि एमसीबीही पडत नाही. लग्नाच्या दिवशी, नवरीच्या अर्ध्या मेकअपवर एमसीबी पडला की काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

लग्नाचंच निघालं म्हणून. नवरीचा मेकअप आता बहुतेक मंगल कार्यालयातच होतो. धंद्यातला सगळ्यात जास्त पैसा देणारं काम आणि माझ्या मीटरवर त्याचं एक युनिट नाही. हे लक्षात आल्यावर मी तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामात दुकानाचे तास कमी केले. पूर्वी हे करायला मी धजले नसते. शटर उघडं म्हणजे धंदा, असं डोक्यात होतं. आता दुपारच्या कामांना वेळ ठरवून घेते, स्मूदनिंग आणि स्पा एकाच दुपारी लागोपाठ लावते, म्हणजे एकदा गार केलेली खोली दोघी-तिघींना पुरते. अंगारकीला आणि माघी गणेशजयंतीला हे जमत नाही. त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि कोण कधी आत येईल सांगता येत नाही. ते दिवस हिशेबाबाहेर.

गरम पाण्याचा प्रश्न उन्हानं सोडवला. 100 लिटरचा सोलर बंब पत्र्याशेजारच्या न्हाणीच्या स्लॅबवर बसवला. 100 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला चार युनिट वीज लागली असती, ती रोज वाचते. टाकीला जाड वेष्टण असल्यानं संध्याकाळचं पाणी पहाटेपर्यंत गरम राहतं, आणि जुन्नरच्या थंडीत पहाटे येणाऱ्या करवल्यांना त्याचं मोल कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये तो काम देत नाही, तेव्हा गीझर. बोअरच्या पाण्याचे क्षार गीझरच्या कॉइलवर आणि बंबाच्या नळ्यांत बसतात, ते वर्षातून एकदा काढून घ्यावे लागतात. न काढल्यास कॉइलवरच्या पुटामुळे पाणी तापायला वेळ लागतो आणि एक दिवस कॉइल जळते.

पॅनलचं मात्र जमलेलं नाही. 1 किलोवॉटचे पॅनल आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतात. तीन किलोवॉट बसवले तर माझी दुपार जवळपास निघून जाईल, आणि नेट मीटर असेल तर सुट्टीच्या दिवशीची वीजही खात्यात जमा होईल. ऊन कडक तेव्हाच एसी जोरात, हे गणित इतकं जुळतं की मला ते बसवायचंच आहे. अडचण एवढीच की गाळा भाड्याचा आहे. छप्पर मालकाचं, मीटर मालकाच्या नावावर, करार 11 महिन्यांचा. 25 वर्षं टिकणारी वस्तू 11 महिन्यांच्या छपरावर कशी टाकायची? मालकाशी बोलणं चालू आहे. मी पाच वर्षांचा करार मागते आहे, त्यात पॅनल माझे आणि जाताना मी काढून नेईन असं कलम, आणि व्यावसायिक मीटर माझ्या नावावर. पार्लरच्या जाहिरातीत, कोर्समध्ये, कुठंच हा विषय निघत नाही, पण भाड्याच्या गाळ्यात बसलेल्या बाईच्या लाइट बिलाचा निम्मा निकाल करारपत्रात लागलेला असतो. सबमीटरवर मालक मनाला येईल तो दर लावतो, अशाही जागा मी पाहिल्या आहेत. तिथं वहीतला हिशेब चालत नाही.

दिवसाच्या विजेचं मोल शेतकऱ्यांनी आपल्या आधी ओळखलं. आमच्या तालुक्यात बिबट्यांमुळे रात्री पाणी धरायला जाणं जिवावरचं झालंय, म्हणून दिवसा वीज द्या ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली गेली. सौर कृषी वाहिनीची योजना त्याच मागणीतून पुढे आली. वीज किती, याइतकंच ती कधी, हे महत्त्वाचं असतं हे वावरात राबणाऱ्यांना कळलं होतं. मी दुकानात बसून बटणं मोजत होते.

सध्या माझ्याकडे शिकलेली एक मुलगी नारायणगावात गाळा बघते आहे. दोन जागा तिच्यासमोर आहेत. एक रस्त्याला लागून, पत्र्याची, पश्चिमेला तोंड. दुसरी जरा आत, वर दुसरा मजला असलेली, पण भाडं महिन्याला 1,000 रुपयांनी जास्त. पूर्वी मी डोळे झाकून पहिली घ्यायला सांगितलं असतं आणि वर लाइट जपून वापर म्हटलं असतं. या वेळी आम्ही दोघी मांडायला बसलो. दुसऱ्या जागेत एसीचे दिवसाला सहा युनिट तरी वाचतील, म्हणजे 72 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरले तर 1,872. मार्च ते जून मिळून साडेसात हजारांच्या आसपास. पावसाळ्यात आणि थंडीत वाचण्यासारखं फारसं काही नाही. वर्षाचं भाडं मात्र 12,000 रुपयांनी जास्त. नुसत्या बिलावर बघितलं तर आतली जागा साडेचार हजारांनी महाग पडते, हे मी तिला लपवलं नाही.

तरी मी तिला आतली जागा घ्यायला सांगितलं आहे. दिवसाचे दहा तास तिथं ती बसणार आहे, आणि वर्ष-दोन वर्षांनी कामाला ठेवेल त्या मुली बसणार आहेत. साडेचार हजार रुपये वर्षाला, म्हणजे दिवसाला 15 रुपयांच्या आत-बाहेर. मालकाशी कराराचं बोलायला मी तिच्याबरोबर जाणार आहे.